फुगा वर असेपर्यंत

मी सूर्याचा अभ्यास करते असं सांगितलं की जळगावात लोक मे महिन्याची तक्रार माझ्याकडे करतात. समोरच्या काकूंनी तर विचारलंही होतं, की मग या उन्हाचं काही करता येईल का. मला मात्र हवा होता सूर्याचा भडका. सौरज्वाला उसळली की तिच्यातून गॅमा किरण निघतात, पण जमिनीपर्यंत ते पोचतच नाहीत, हवा गिळून टाकते. म्हणून आमची दुर्बीण भल्यामोठ्या फुग्याला टांगून अंटार्क्टिकावर सोडली होती. तिच्यातला एक भाग मी घडवलेला. सूर्य अकराएक वर्षांनी एकदा भरात येतो. पुढच्या वेळी मी निवृत्त झालेली असेन, म्हणजे जे काय मिळायचं ते याच खेपेला.

देखरेखीच्या पाळ्या देशोदेशी वाटल्या होत्या. आपल्याकडची सकाळ माझी. घरून काम चालणार होतं, म्हणून मी आबांकडे, माझ्या वडिलांकडे, येऊन राहिले. आई गेल्यापासून ते या घरात एकटेच असतात. भुसावळ-इटारसी मार्गावर गार्ड म्हणून त्यांची हयात गेली, पण बोली अजून गावाकडची, पिंपळनेरचीच.

सकाळी आबा ओट्यावर कोवळ्या उन्हाला पाठ देऊन बसत, मी शेजारी लॅपटॉप घेऊन. पडद्यावर एक आडवी रेघ. ती उंच उडाली की ज्वाला. ती उडत नव्हती. बाकीचे सगळे आपापल्या देशात झोपलेले, आणि त्या पांढऱ्या ओसाडीवर तरंगणाऱ्या यंत्राकडे लक्ष ठेवायला मी एकटी. इतकी वर्षं यात घातली आणि हाती काहीच लागलं नाही तर, हा विचार सुटायचा नाही. ते सांगावं असं माणूस आयुष्यात नव्हतं. सूर्य आपला ढिम्म. मी त्याला मनातल्या मनात शिव्या हासडायची.

चहा झाला की आबा रोज विचारत, "फुगा वर शे ना?"

मी हो म्हणायची. मग तो कुठवर आला ते विचारत, लेट गाडीची चौकशी करावी तसं, आणि समाधानाने शेंगा सोलायला घेत. ज्वालेबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला त्याचा राग यायचा. भरताची वांगी भाजायला मात्र त्यांचा उत्साह उतू जाई. भरीत चौघांना पुरेल एवढं होई आणि रात्री आम्ही दोघं तेच पुन्हा खात असू.

एका सकाळी वारं फिरलं आणि फुगा समुद्राकडे सरकू लागला. यंत्र पाण्यात गेलं असतं तर सगळंच गेलं असतं, म्हणून उतरवायचं ठरलं. हुकूम तिकडून कुणीतरी दिला. मी फक्त रेघ थांबताना पाहिली. दुर्बीण पॅराशूटने बर्फावर धड उतरली, पण मोठी ज्वाला काही तिने पाहिली नव्हती. मी आबांना सांगितलं, फुगा उतरवला. त्यांनी लगेच विचारलं, "मंग तू कवय जाशी?"

"परवा," मी म्हटलं आणि तिकीट काढलं.

निघायच्या दिवशी सकाळी सूर्य भडकला. मोबाइलवर निरोपांवर निरोप येत होते. ज्या ज्वालेसाठी आम्ही झुरत होतो, तीच. मी ओट्यावर आले. ऊन रोजच्यासारखंच आबांच्या पाठीवर पडलं होतं. मला रडू आवरेना. म्हटलं, "आता आली, आबा. आता."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "फुगा आखो चार दिन वर राहता ते बरं व्हतं."

"हो ना. ज्वाला तरी सापडली असती."

"ते बी," आबा म्हणाले, आणि दाराशी ठेवलेल्या माझ्या बॅगेकडे पाहत राहिले.