मॅडम नुसती मान हलवायच्या

मॅडम गेल्या, आणि त्यांचा आवाज आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

हसू नका. जिने आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज जमवले, त्या बाईचाच आवाज नाही.

वसुधा मॅडम. दिल्लीत कॉलेजात आम्हाला कामगारांचा इतिहास शिकवायच्या. राहायला मुनिरक्यात. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की फर्डी हिंदी.

पहिल्या तासाला पुस्तक नाही, फळा नाही. टेबलावर छोटा रेकॉर्डर ठेवला आणि म्हणाल्या, "आँखें बंद करो सब."

थंडीतली दुपार होती. खिडकीतलं ऊन बाकांवर आलेलं, अर्धा वर्ग पेंगत होता. त्या पेंगेतच एका म्हाताऱ्या बाबांचा आवाज आला. कधीच बंद पडलेल्या कापडगिरणीतले कामगार. सावकाश बोलत होते. गेट, भोंगा, चहावाला, संप.

मी जागी होते की झोपेत, देव जाणे. कापसाचे तंतू जिभेवर आल्यासारखे वाटत होते.

आवाज थांबला. "क्या सुना?"

"स्ट्राइक, मॅडम," कुणीतरी म्हणालं.

"उससे पहले?"

कुणालाच आठवेना.

"खाँसे थे वो. इतिहास वहाँ से शुरू करना."

मग आम्हाला घेऊन निघायच्या. ओखला, मानेसर, कापसहेडा, सगळ्या दिल्लीभोवतालच्या कारखान्यांच्या वस्त्या. कामगारांच्या खोलीत जमिनीवर बसायचं. पंखा बंद, कारण रेकॉर्डिंगमध्ये त्याची घरघर येते. मे महिना असला तरी बंद! प्रश्न आम्ही मुलांनी विचारायचे आणि मग तोंड मिटून ऐकायचं. 'हं' नाही, 'अच्छा' नाही, 'अरे बापरे' तर बिल्कुल नाही. नुसती मान हलवायची.

मी जन्माची बडबडी. माझे काय हाल झाले असतील, विचारू नका.

"अगं बाई," मेट्रोत मला म्हणायच्या, "तुझं 'अच्छा' ऐकायला पुढे कुणी येणार नाहीये. त्यांचं ऐकायला येतील."

स्वतः कोपऱ्यात बसायच्या. डोळे अर्धवट मिटलेले, मान हळूहळू हलतेय. आणि समोरचं माणूस बोलत सुटायचं, यार. बायका नवऱ्यालाही न सांगितलेलं सांगायच्या. शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या, घाम गळत असायचा, आणि दुपार संपायचीच नाही.

ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली की फोनवरही त्या तशाच.

त्यांची लेक गार्गी गुरुग्रामला नोकरी करते. रोज संध्याकाळी कॅबमधून आईला फोन करायची. हे सगळं तिला विचारूनच लिहितेय.

"समोरून काही म्हणजे काही नाही, ताई," परवा ती मला म्हणाली. "मी एकटीच बोलतेय. मध्येच विचारायचे, आई, आहेस ना? की म्हणणार, आहे, बोल. परत शांतता. अख्ख्या दिल्ली-एनसीआरचं ऐकलं तिने. माझं कधी ऐकलं का गं?"



मग हळूच म्हणाली, "एखादं रेकॉर्डिंग शोध ना. ती व्हॉइस नोटसुद्धा पाठवायची नाही. मला तिचा आवाज हवाय."

आम्ही जुने विद्यार्थी कामाला लागलो. लॅपटॉप, हार्ड डिस्क, सगळं उपसलं. मी गच्चीत उन्हात इअरफोन लावून पडून राहिले. एकामागून एक माणसं कानात येत होती, काही हयात, काही गेलेली. दोन वाक्यांच्या मध्ये शांतता यायची. तिथे मॅडम मान हलवत असणार. मला अगदी दिसत होत्या.

पण आवाज नाही. जुन्या टेपांमधले स्वतःचे प्रश्नही त्यांनी कापून टाकलेले. अशी कशी बाई! मला रागच आला.

आज मुनिरक्याच्या घरी शोकसभा होती. कापसहेड्याहून कमलेशदीदी आल्या होत्या. कपड्यांच्या फॅक्टरीत धागे कापायचं काम करतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्यांची मुलाखत घेतली होती. दारात चपला काढता काढता त्यांनी आमचं बोलणं ऐकलं.

"मॅडम की आवाज़? मेरे पास है ना."

आम्ही त्यांच्याभोवती गोळा झालो.

"तुम सब नीचे चाय पीने गए थे. मैंने कहा, मॅडम, अब मेरी बारी. फोन पे चालू कर दिया."

त्यांनी तिथेच, जिन्यात, फोन लावला.

पंख्याची घरघर. मग कमलेशदीदी. "मॅडम, आप सबकी सुनती हो. आपके घर में कौन बोलता है?"

शांतता.

"अरे, मुंडी मत हिलाओ, फोन में नहीं आएगा!"

आणि मॅडम हसल्या. खळखळून. गार्गीने माझा हात घट्ट धरला.

"मेरी बेटी बोलती है. रोज़ शाम को. कल मेथी जल गई उसकी. परसों कैबवाले से झगड़ा किया, फिर उसी को पानी की बोतल दी. टिफ़िन रोज़ ऑफ़िस में भूलती है. अपने बॉस की नक़ल इतनी अच्छी करती है कि मुँह पे हाथ रखना पड़ता है, हँसी सुनाई न दे."

मग म्हणाल्या, "उसका फोन आता है तो मैं बत्ती बुझाके बैठती हूँ. और कुछ दिखना नहीं चाहिए."

गार्गी पायरीवरच बसली. इतके दिवस कोरडी होती पोर. आज हमसून हमसून रडली.

सभेत ते रेकॉर्डिंग लावलं नाही आम्ही. ते तिचं आहे.

कमलेशदीदींनी फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"सुनो बिटिया. अभी बहुत है."

वसुधा मॅडम, भरल्या मनाने तुम्हाला निरोप देतेय.