ओसरीवरचा शिंपी

आमच्या भागात लग्न ठरलं की घरी शिंपी बसवायचे. कापड शिंप्याकडे टाकायचं नाही, शिंप्यालाच मशीनसकट बोलवायचं. वडील नंदुरबारहून बैलगाडीत मशीन घालून रनाळ्याला जायचे, तेव्हा मीही कधी कधी बरोबर असे. ओसरीवर मशीन मांडलं की घरची बाई त्याला हळदकुंकू लावायची, आणि मगच पहिली चोळी बेतली जायची. नवरीच्या चोळ्या, पोरांच्या बंड्या, उशांचे अभ्रे, सगळं तिथेच बसून. जेवणखाण त्याच घरी. काम संपलं की यजमानीण नारळ द्यायची. तो दोन्ही हातांनी घेत वडील दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, "पुढली लगीनसराईले बी मालेच बलावा." लोक बोलवायचेही.

पण वडिलांचा जीव कोटात अडकला होता. तरुणपणी सुरतेला राहून ते साहेबी कोट शिवायला शिकून आले होते. नंदुरबारचे वकील आणि कचेरीतले अंमलदार मात्र गाडीत बसून सुरतेला माप द्यायला जात. इथला शिंपी गावठी, त्याला कोण ओळखतं, असं एका वकिलांनी तोंडावर सांगितलं. ते वडिलांना फार लागलं. ओळख हवी ना, मग पुस्तकच काढतो, असं त्यांनी ठरवलं. शिवणकामाचं, स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या खर्चानं. पुस्तक पाहून मोठी गिऱ्हाइकं येतील आणि पेठेत पाटी लावून दुकान थाटता येईल, असा त्यांचा हिशेब होता. आई म्हणाली, त्यांना कोट हवाय, पोथी घेऊन काय करतील? पण तिचं ऐकतो कोण.

दोन मशिनं होती, त्यातलं एक विकलं. घरात मला "कातर आन वं" म्हणणारा माणूस कागदावर 'तदनंतर कातरीने सावकाश छेद द्यावा' असं लिहायला लागला. आम्ही मायलेकी तोंडाला पदर लावून हसायचो. ते रागवायचे नाहीत, उलट आणखी एक वाक्य वाचून दाखवायचे. त्यांना इतकं आनंदात मी नंतर कधी पाहिलं नाही.

धुळ्याच्या छापखान्यातून पुस्तकांचे गठ्ठे आले. पहिल्या पानावर वडिलांचा फोटो, स्वतः शिवलेल्या कोटात. गावात नाव झालं, खोटं कशाला सांगू. शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांना खुर्ची मिळाली, हार मिळाला. तेच वकील घरी आले, पुस्तक घेतलं, तोंड भरून कौतुक केलं. आणि त्यांचा पुढचा कोट पुन्हा सुरतेहूनच आला. त्या माणसाचा मला अजून राग येतो.

लगीनसराई आली. वडिलांनी मशीनला तेल घातलं, कातरीला धार लावून आणली. दारावरून गाडी गेली की ते उठून बघत. एकही थांबेना. शेवटी रनाळ्याचे पाटील स्वतः आले. त्यांच्या मोठ्या दोन्ही लेकींचं सगळं वडिलांनीच शिवलं होतं, आता धाकटीचं लग्न होतं. वडील मशीन उचलायलाच वाकले. पण पाटलांनी त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि लग्नाचं आमंत्रण दिलं. शिवणाचं काय, असं वडिलांनी विचारलं तेव्हा पाटील अवघडले.

"तुम्ही आते पुस्तकवाला मानूस," ते म्हणाले. "तुमले ओसरीवर कसं बसाडानं? माले लाज वाटस."

"मन्हा हात तोच शे," वडील म्हणाले.

पाटलांना तो नम्रपणा वाटला. त्यांनी हात जोडले आणि निघून गेले. ते मनापासून मान देत होते, हेच तर वाईट होतं. शिव्या दिल्या असत्या तर वडिलांना भांडता आलं असतं.

लग्नाला आम्ही गेलो. वडिलांना गादीवर बसवलं, मनगटाला अत्तर लावलं. ओसरीवर खांडबाऱ्याचा एक शिंपी उरलंसुरलं काम उरकत होता. वडील जेवताना त्याच्याकडेच बघत होते. घरी येताना एवढंच म्हणाले, की तो बाही चढवताना घाई करतो.

मग इतर गावांचंही तेच झालं. कोट कोणी देईना आणि चोळी द्यायला लोक लाजत. वडील घरीच मांजरपाटाच्या पिशव्या शिवून बाजारात धाडू लागले. न खपलेल्या पुस्तकांची पानं चिकटवून त्यांचे मापाचे कागद करू लागले.

माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मशीन उचलून आमच्याच ओसरीवर मांडलं. सगळ्यांना दिसावं म्हणून अगदी रस्त्याच्या कडेला. आईनं काही न विचारता मशीनला हळदकुंकू लावलं. त्यांचं ताटही ती बाहेरच वाढायची. माझ्या चोळ्या त्यांच्याच पुस्तकाच्या पानांवरून बेतल्या गेल्या. येणारेजाणारे थांबून बघत, आणि एवढा मोठा माणूस पण लेकीसाठी मशीनवर बसलाय, किती साधा, असं म्हणत पुढे जात. वडील प्रत्येकाकडे मान वर करून बघायचे. मला आत रडू आवरायचं नाही.

शेवटचा टाका घालून त्यांनी मशीनवर झाकण ठेवलं. आईनं आतून नारळ आणून पुढे केला. ते उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि खाली बघत म्हणाले, "पुढली लगीनसराईले बी मालेच बलावा."

"बलावसू," आई म्हणाली.

घरात दुसरी लेक नव्हती.