दुसऱ्या कडव्यावर अडलो तेव्हा

आमचा कुत्रा सुधारला म्हणून मी पेढे वाटले होते. खोटं सांगत नाही. चांगले अर्धा किलो आणले आणि सोसायटीत लिफ्टपाशी उभं राहून, ढब्बूनं आजवर ज्यांच्या ज्यांच्या अंगावर उडी मारली होती त्या सगळ्यांना एकेक दिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला मी मोठा भक्त किंवा निदान शहाणा माणूस वाटायला नको.

ढब्बू म्हणजे चौतीस किलोचा लॅब्रॅडोर. आणला मुलीनं. तेव्हा ती माणच्या एका आयटी कंपनीत होती. मी म्हटलं, देवघर असलेल्या घरात कुत्रं नको. तिनं वाद घातला नाही, फक्त भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. तिथं चार होती. ढब्बू घरात आला. वर्षभरात तिची बंगळूरला बदली झाली, ती गेली आणि ढब्बू आमच्याकडे राहिला. मी महाळुंग्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर लोकांच्या चुका काढतो. घरी आलो की ढब्बू माझ्या चुका काढायचा. बस म्हटलं की उभा राहायचा, थांब म्हटलं की पळायचा, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना बघितलं की दोन्ही पाय त्यांच्या खांद्यावर ठेवून भेटायचा.

शेवटी ट्रेनर लावला. अमोल नावाचा तिशीतला माणूस, पूर्वी चाकणकडच्या कंपन्यांच्या गेटवरची कुत्री तयार करायचा. रोज सकाळी सातला यायचा. अमोलसमोर ढब्बू असा बसायचा, जणू शाळा तपासायला साहेब आलेत. अमोलची मोटरसायकल गेटबाहेर वळली की शाळा सुटली. तीन महिने हे चाललं. एकदा अमोल मला म्हणाला, "काका, कुत्रा तयार आहे. कच्चे तुम्ही आहात. एकच गोष्ट तुम्ही त्याला पाच तऱ्हांनी सांगता. बस, बैस, सिट, अरे बस ना बाळा, आणि पाचवी तर शिवीच आहे." आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला पण तसंच सांगतात हो. मी ऐकते का?"

मग अमोल पंधरा दिवस गावी गेला आणि त्याच पंधरा दिवसांत ढब्बू सुधारला. उड्या बंद. दारावरची बेल वाजली तरी जागचा हलेना. फिरायला नेलं तर निम्म्या वाटेत बसून राहायचा, मी म्हणायचो, बघा, संयम आला. मी अमोलला फोन करून आभार मानले, पेढे वाटले, आणि सेक्रेटरींना तर दोन दिले.

अमोल परत आला त्या सकाळी मी पेढा त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला नाही. ढब्बूकडे नुसतं बघत राहिला, मग उकिडवा बसला, ढब्बूचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पोटाला हात लावला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. "काका," तो म्हणाला, "हा सुधारलेला नाही. आजारी आहे. अंघोळबिंघोळ राहू द्या, आत्ता निघा."

ते मुकं जनावर पंधरा दिवस मला सांगत होतं आणि मी पेढे वाटत होतो. गाडी चालवताना मी दत्ताला हाक मारली, पण ती भक्ताची हाक नव्हती. एखाद्या पुरवठादाराशी बोलावं तसा मी त्याच्याशी बोललो. इतकी वर्षं रोज आरती करतो, आता तुझी बाजू दाखव, असं. आणि मनात खोल कुठेतरी असंही होतं, की कुणी ऐकत नाहीये, मी विनाकारण बडबडतोय.

मोशीच्या पुढे एक कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, शांत आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी सोनोग्राफीला घेतलं, तर इतका वेळ मलूल पडलेला ढब्बू टेबल दिसताच उसळला. मी, मदतनीस आणि आमची ही, तिघांनी धरलं तरी आवरेना. धडपडीत त्याची जीभ निळसर झाली, तसं डॉक्टरांनी हात काढले. पण तेवढ्यात त्यांना दिसायचं ते दिसलं होतं. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरलं होतं, आणि त्या दाबानं हृदयाला नीट फुगताच येत नव्हतं.

"सुईनं पाणी काढावं लागेल, आत्ताच," त्या म्हणाल्या. "पुण्याला पाठवलं असतं, पण रस्त्यात टिकेल असं मला वाटत नाही. अडचण एकच आहे. याला गुंगीचं औषध दिलं तर आहे तो रक्तदाबही पडेल. जागा बधिर करते, पण पाच-सात मिनिटं हा हलता कामा नये. सुई हृदयाच्या अगदी जवळ असणार."

पाच-सात मिनिटं. तीन महिने ट्रेनर लावून जो पाच सेकंद थांबला नव्हता, तो.

मी बाहेर येऊन अमोलला फोन लावला, स्पीकरवर. तो तळेगावला दुसऱ्या घरी पोचला होता, म्हणजे येईपर्यंत तास गेला असता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, माझं शिकवलेलं आता विसरा. ते घाबरलेल्या कुत्र्याला आठवत नाही. मला एवढंच सांगा, घरात कुणी न सांगता तो आपणहून गप्प पडून राहतो, असं कधी होतं?"

मी म्हटलं, कधीच नाही. माझ्या मागून हिचा आवाज आला, "आरतीला."

खरंच की. रोज संध्याकाळी मी दत्ताची आरती म्हणायला देवघरापुढे उभा राहिलो की ढब्बू येऊन पाटाशेजारी कुशीवर पडायचा आणि आरती संपेपर्यंत हलायचा नाही. खोबऱ्याच्या तुकड्यासाठी असणार, असं मी आपला धरून चाललो होतो. आता माझी आरती कशी, तेही सांगायला हवं. पंचवीस वर्षं म्हणतोय. तोंड आरती म्हणतं, आणि डोकं त्या दिवशीच्या रिजेक्ट झालेल्या मालाच्या मागे असतं. कितीदा तर ताट ओवाळता ओवाळता मी मोबाइलवरचे मेसेज वाचलेत. त्या खोलीत मनापासून हजर असणारा एकटा ढब्बूच असावा.

डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. "टेबल नको मग," म्हणाल्या, "खालीच सतरंजी टाकू. तुम्ही सुरू करा."

ना घंटी, ना निरांजन. चपला काढून मी फिनेलच्या वासात उभा राहिलो आणि सुरू केलं. आवाज असा निघाला की मलाच ओळखू येईना. पहिल्या ओळीला ढब्बूचा एक कान हलला. दुसऱ्या ओळीला त्यानं माझ्याकडे बघितलं, धापा टाकत दोन पावलं आला आणि माझ्या पायाशी डाव्या कुशीवर पडला. आमच्या हिनं खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांना तीच कूस हवी होती. त्यांनी केस काढले, जागा बधिर केली, मदतनीसानं पडद्याचं यंत्र त्याच्या छातीला लावलं. मी टाळ्या वाजवत म्हणत होतो, नजर त्या सुईवर. सुई आत गेली. ढब्बूनं डोळे मिटले.

आणि मी दुसऱ्या कडव्यापाशी आलो.

दुसरं कडवं मला येत नाही. येत नाही हे मला त्या क्षणी कळलं. पंचवीस वर्षं ते हीच म्हणते, मी मागून नुसता सूर ओढतो आणि तिसऱ्याला पुन्हा जोरात येतो. मी हिच्याकडे बघितलं. ती त्याच्या डोक्यावर वाकून रडत होती, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. माझा आवाज थांबला. टाळ्याही थांबल्या. आरती मध्येच थांबली की ती संपली, असं ढब्बूला वाटलं असणार. त्यानं डोळे उघडले. त्याची मान ताठ व्हायला लागलेली मला दिसली.

"काका, थांबू नका," डॉक्टर हलकेच म्हणाल्या. वर बघायलाही त्यांना सवड नव्हती.

मला काहीच आठवेना. तेव्हा मी मनात जे म्हटलं त्यात ना हिशेब होता, ना तक्रार. मला येत नाही देवा, एवढंच म्हटलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच खरं बोललो त्याच्याशी.

आणि अर्धवट उघड्या दाराबाहेरून दुसरं कडवं सुरू झालं. बाईचा आवाज, जाडाभरडा, मोकळा, शेतातून पलीकडच्या बांधावर हाक मारावी तसा. टाळ्यांसकट. एकही शब्द न अडखळता तिनं ते कडवं पुरं केलं, तिसरं उचललं, तेव्हा कुठे मी तिच्या मागून शिरलो. ढब्बूची मान पुन्हा हिच्या मांडीवर टेकली. डॉक्टरांच्या हातातली सिरिंज भरत होती, लाल, पातळ पाणी. एक भरली, दुसरी भरली. आम्ही आरती संपवून पुन्हा पहिल्यापासून धरली. मी मोजायचं सोडून दिलं होतं.

कितव्या सिरिंजला ते मला माहीत नाही, पण माझ्या डोळ्यांदेखत त्याची जीभ गुलाबी झाली. मदतनीस पडद्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, हृदय बघा कसं फुगतंय." डॉक्टरांनी सुई काढली, तिथं बोट दाबून धरलं आणि पहिल्यांदाच मोठा श्वास सोडला. पाच मिनिटांनी ढब्बूची शेपटी फरशीवर आपटायला लागली. धप, धप, धप. मी इतकी वर्षं कारखान्यात आहे, पण एवढा सुंदर आवाज कुठल्या मशीनचा ऐकलेला नाही. मी नाचलो. माझ्या वयाचा, माझ्या पोटाचा माणूस दवाखान्यात अनवाणी नाचला, आणि आमची ही रडता रडता म्हणाली, "दुसरं कडवं पंचवीस वर्षं मी एकटी ओढतेय, ते आज कळलं ना तुम्हाला?"

मी बाहेर धावलो. मला वाटत होतं, तिथं कुणी नसेलच. तर बाकावर साठीची एक बाई बसलेली, मांडीवर शेळीचं डोकं. शेळीचा पुढचा पाय मोडलेला.

मी वाकून नमस्कार केला, तशी ती मागे सरकली. "अवो, काय करताय दादा."

"मावशी, तुम्ही नसतात तर आज..."

"मी कशाची नसती. चाल लई वढत व्हता तुमी. मला तवाच वाटलं, ह्यो मानूस अडकनार. आमच्यात दर गुरवारी म्हंत्यात, तोंडात बसलंय."

मी विचारलं, इथं कशा आलात. तर महाळुंग्याकडची. माझी कंपनीची बस एकोणीस वर्षं ज्या फाट्यावरून वळते, तिथली. "मला जायचं व्हतं सरकारी दवाखान्यात," ती सांगायला लागली. "रिक्षावाल्यानं हिथं आनून सोडलं. म्हनला, जनावराचा दवाखाना ह्योच. बघते तर समदी कुत्री आन मांजरं. तो पोऱ्या म्हनला, शेळी हिथं बघत न्हाईत. मी निघालेच व्हते, तर ह्या बाई म्हनल्या, थांबा, एवढं झालं की पाय बांधून देते. म्हून थांबले बगा."

डॉक्टरांनी खरंच तिच्या शेळीचा पाय बांधला. मी शेळी धरली. शेळीनं मला लाथ मारली, तीही मला प्रसादासारखी वाटली.

यात चमत्कार किती, ते मी सांगणार नाही. रिक्षावाला चुकला आणि डॉक्टरांनी एका परक्या बाईला माणुसकीनं थांबवलं, एवढंच घडलं. मी जन्मभर तपासणीचं काम केलेला माणूस, पण हे दोन धागे मी कितीही उलटसुलट करून पाहिले तरी मला त्यात दोष सापडत नाही.

पाणी का साठलं, तेही अजून कळलेलं नाही. तपासणीत काही वाईट निघालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, काही कुत्र्यांना कारणाशिवाय होतं, पुन्हा होतं किंवा होतही नाही. झालं तर ऑपरेशन करून ती पिशवी कापावी लागेल. पुढचे दहा दिवस मी त्याच्या हिरड्या इतक्या वेळा बघितल्या की तो मला बघून आपणहूनच ओठ वर करायला लागला.

दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. मी जय्यत तयारीनं गेलो होतो. चारही कडवी पाठ, शब्द न शब्द, हिच्यासमोर परीक्षा देऊन. डॉक्टरांनी सतरंजी टाकली. मी चपला काढल्या, घसा साफ केला, हात जोडले. तोंड उघडलं तर ढब्बू आधीच डाव्या कुशीवर आडवा झालेला. कुणी सांगितलं नाही, कुणी म्हटलं नाही. त्यानं डॉक्टरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. त्याला काय ठाऊक होतं? पाणी पुन्हा साठलंय की नाही, सुई येणार की नाही, काहीच नाही. मी मात्र सगळं पाठ करून आलो होतो.

मग मीही काही म्हटलं नाही. त्याच्याशेजारी सतरंजीवर बसलो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. मी पडद्याकडे बघितलं नाही.

"आज पाणी नाही," त्या म्हणाल्या.

"आणि पुढे?"

"पुढचं मला नाही सांगता येणार, काका."

मी मान डोलावली. एरवी मी अशा उत्तरावर सही केली नसती. त्या दिवशी मला ते पुरलं. हाताखाली त्याचं हृदय चाललं होतं, ठाम, मोकळं, आणि ते चालवणाऱ्याला मी काही सुचवावं, असं माझ्याकडे काहीच नव्हतं.