अर्धी वीज

“हो की नाही, मावशी, एवढंच सांगा.”

खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून तो उभ्या उभ्या विचारायचा. खुर्ची त्याच्यासाठीच ओढलेली असायची, पण तिच्यावर तो बसलेला मी क्वचितच पाहिला. पायाला भिंगरी असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. याच्या तर जिभेलाही होती. एक वाक्य संपायच्या आत दुसरं दारात उभं.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही एकाच ऑफिसात होतो. मी टेस्टिंगची लीड, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्याचा पगार घेणारी बाई. तो घानाहून शिकायला आलेला, सव्विशीतला प्रोग्रॅमर. मी ‘हो’ म्हटल्याशिवाय त्याचं काम पुढे जायचं नाही, आणि मी काही सहजासहजी हो म्हणणारी नाही. आई म्हणायची, हिला देवानं तांदळातले खडे निवडायलाच जन्माला घातलंय. त्यामुळे आमची ओळख भांडणातूनच झाली.

‘मावशी’ म्हणायला तो आमच्या घरी येणाऱ्या मुलांकडून शिकला. मावशी म्हणजे आईची बहीण हे कळल्यावर खूश झाला. “आमच्याकडे तिलाही आईच म्हणतात,” म्हणाला. बोलणं आमचं इंग्रजीतच चालायचं, मराठी मी करून सांगते आहे. पण ‘मावशी’ हा शब्द त्याचा स्वतःचा. त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात काही घ्यायचं तर तो विचारायचा थांबला.

एक दिवस त्यानं नोकरी सोडली. कारण त्याची मोठी बहीण. ती घानाच्या उत्तरेला एका छोट्या दवाखान्यात नर्स आहे. तिथे एकदा शुक्रवारी वीज गेली ती रविवारी आली. मधल्या वेळात फ्रीजमधल्या लसी किती तापल्या, कुणालाच ठाऊक नाही. सोमवारी बाळं पाठीशी बांधून बाया चालत आल्या. बहिणीनं सगळ्या लसी टाकून दिल्या आणि त्यांना तसंच परत पाठवलं.

“लसी चांगल्याही असतील, मावशी! तिला कळायला काही मार्गच नव्हता,” असं तो सांगायचा आणि खिडकीपर्यंत जाऊन परत यायचा.

म्हणून त्यानं साबणाच्या वडीएवढी एक पेटी बनवली. ती फ्रीजमध्ये ठेवायची. वीज गेली की पेटी जागी होऊन तापमान मोजायला लागायची आणि लसी बिघडायच्या आत बहिणीच्या फोनवर मेसेज टाकायची. हिरवा दिवा म्हणजे लस वापरा, लाल म्हणजे फेका. कोलंबसमध्ये एक खोली घेऊन त्यानं कंपनी काढली, दोन माणसं कामावर घेतली, कॅलिफोर्नियातले एक गृहस्थ पैसे घालून पाठीशी उभे राहिले.

आणि टेस्टिंग कुठे? आमच्या गॅरेजमध्ये. तिथे आमचा दुसरा फ्रीज आहे, खवलेला नारळ, आमरस, पुरणपोळ्या आणि कढीपत्त्यानं ठासून भरलेला. ओहायोत वीज सहसा जात नाही, म्हणून ती आम्ही घालवायचो. दर शनिवारी तो यायचा, मी प्लग काढायची आणि घड्याळ लावून बसायची.

“अगं, माझ्या आमरसावर कसले एक्सपेरिमेंट करता, यार!” नवरा ओरडायचा.

मी दोषांची यादी करायची. नेटवर्क नसेल तर मेसेज हरवतो. दोनदा वीज गेली तर दुसरी वेळ मोजलीच जात नाही. यादी वाचताना त्याच्या कपाळाची शीर उडायची, पण पुढच्या शनिवारी दुरुस्ती हजर. असे किती शनिवार आणि किती पुरणपोळ्या गेल्या, विचारू नका. शेवटी एकदा यादी कोरी राहिली आणि मी हो म्हटलं. तो गॅरेजभर नाचला. पेट्या घानाला गेल्या.

महिन्याभरानं तो भर दुपारी आमच्या दारात उभा. फोन पुढे केला. बहिणीनं पाठवलेला फोटो होता. पेटीवर हिरवा दिवा, शेजारी तिच्या तळहातावर लसीची बाटली. खाली तिनं लिहिलं होतं, “दिवा हिरवा आहे. बाटली गरम आहे.”

वीज गेलीच नव्हती. अर्धी आली होती. बल्ब मिणमिणता, फ्रीज नुसता घुरघुरणारा, गारवा नाही. सेल वर्षभर पुरावेत म्हणून आमची पेटी वीज असेपर्यंत हिरवा दिवा लावून झोपलेली असायची. वीज आहे म्हणजे फ्रीज थंड असणारच, हे आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

आणि ही वीज मला चांगली ठाऊक होती हो! माहेरी, वर्ध्याला, उन्हाळ्यात संध्याकाळी ट्यूब लागायची नाही, पंख्याची पाती मोजून घ्यावीत. मोटर जळेल म्हणून बाबा फ्रीज बंद करायला धावायचे. ते सगळं मी विसरले. प्लग एकतर भिंतीत असतो नाहीतर हातात, एवढीच वीज माझ्या डोक्यात उरली होती. मला फार लाज वाटली. त्याला तसं सांगितलंही.

“बत्तीस वर्षं झाली मला इथे,” मी म्हटलं.

“मला सहाच झालीत,” तो म्हणाला. “आणि मीही विसरलो.”

पेटी फसल्याचं त्याला फारसं काही नव्हतं, ती दुरुस्त झाली असती. सहा वर्षांत आपण आणखी काय काय विसरलो असू, या विचारानं तो घाबरला होता. बहिणीनं दिव्यापेक्षा हातावर विश्वास ठेवला, म्हणून कुठल्या बाळाला काही झालं नाही.

कॅलिफोर्नियाचे गृहस्थ म्हणाले, इथे बसूनच सुधार. त्याच्या व्हिसाचा अर्ज अडकलेला होता. देश सोडला तर अर्ज बाद आणि इथली कंपनीही बंद. मीही त्याला तेच सांगितलं.

“इथे बसून तिथली वीज कळत नाही, मावशी.”

“राइट आहे तो,” नवरा म्हणाला. “आपण उंटावरून शेळ्या हाकत होतो.”

आठ दिवसांत त्यानं खोली रिकामी केली. विमानतळावर मीच सोडायला गेले. बॅग उतरवताना म्हटलं, “दोन महिने थांब रे. कागद येऊ देत.”

“या वेळी मी विचारत नाहीये,” तो म्हणाला, मला वाकून मिठी मारली आणि लांब ढांगा टाकत आत गेला.

याला दोन वर्षं झाली. आता त्याला इकडे येता येत नाही. तो बहिणीच्या दवाखान्याशेजारी राहतो आणि तिथेच पेट्या बनवतो. शनिवारी मला काही सुचत नाही, गॅरेजमध्ये उगाच एक चक्कर होते.

गेल्या महिन्यात त्यानं नव्या पेटीचा रिपोर्ट पाठवला. तक्ता मीच आखून दिलेला. तपासणाऱ्याच्या रकान्यात बहिणीचं नाव होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तिनं काढलेला पहिलाच दोष वाचला. “पेटीला ऊब असते. आत मुंग्या घर करतात.”

ओहायोत बसून तो दोष मला जन्मात सापडला नसता.