अकरा गाड्या, मागची सीट

आंजीच्या शाळेत चौदा वर्षं काढल्यावर पौर्णिमाची बदली झाली, आणि झाली तीही थेट कारंज्याच्या पलीकडच्या एका खेड्यात. घरापासून पासष्ट किलोमीटर, एका बाजूने. तोवरची शाळा कशी, तर मधल्या सुट्टीत घरी यायचं, वरणाला फोडणी द्यायची आणि घंटा व्हायच्या आत परत जायचं. आता डबा घेऊन सकाळीच निघा, आर्वीला एसटी बदला, कारंज्याला उतरून ऑटो शोधा. जाणं एक वेळ जमलं असतं. भानगड परतीची होती. साडेपाचची एसटी धरली तरी आर्वीत ताटकळत आंजीला पोचायला सव्वाआठ वाजत. तिने मे महिन्यात दोनदा जाऊन, घड्याळ बघून खात्री करून घेतली होती.

सव्वाआठ म्हणजे काही फार उशीर नाही, पण घरी बाबा होते. चिंधू त्यांचं नाव. आर्वी डेपोत बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि डावा हात-पाय ढिला पडला. काठीने चालत, पण खुर्चीतून उठताना कुणीतरी लागे. पौर्णिमाने लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची आता गावात कुणाची टाप नव्हती. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. दिवसभर शेजारच्या शोभाबाई येऊन बसायला तयार होत्या, पण त्यांनी आधीच सांगून टाकलं, "सहा वाजेपर्यंत मी आहो. मंग मले माया घरचं पाहा लागते."

नागपूरला धाकटा भाऊ होता, प्रफुल्ल. तो फोनवर म्हणाला, "ताई, रोज दोन-अडीच तास बाबा एकटे बसणार असतील, तर मी त्यांना इकडे घेऊन येतो, एक खोली रिकामीच आहे. शाळा सुरू व्हायच्या आत काय ते ठरव." बोलला चांगल्या मनानेच, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट चालू असली तर लोक एकमेकांना बोलावून दाखवत. बाबांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, "थितं मी कोनाशी बोलू?" मग ताटातली अर्धी भाकर तशीच ठेवून हात धुतला. त्याच दिवशी तिने ठरवलं, गाडी घ्यायची. जुनी, छोटी, पण गाडी.

ठरवलं खरं, आणि तिथून तिच्या डोक्याचं दही व्हायला सुरुवात झाली. किराणा दुकानदार म्हणे पेट्रोलच घ्या. मेडिकलवाला म्हणे, येडे झाले का मॅडम, रोजचे एवढे किलोमीटर म्हणजे सीएनजी. विहारात वंदनेला उभी राहिली, तर मागून एक जण हळूच म्हणाला, सीएनजीच्या लायनीत तास तास उभं राहा लागते, डिझेल पाहा. डिझेल म्हटलं की प्रफुल्ल फोनवर ओरडे. कुणी म्हणे किलोमीटर कमी चाललेली पाहा, कुणी म्हणे कमी दिसले म्हणजे काटा मागे फिरवलेला असतो. मग जास्त दिसले तर बरं का, असं तिने विचारलं, तर तो माणूस तिच्याकडे दयेने पाहायला लागला. पोरांना भागाकार शिकवणारी बाई, पण इथे तिला बेरीजसुद्धा लागेना.

तिच्यासोबतच आणखी दोघांची त्याच बाजूला बदली झाली होती. अंकुश सर आंजीचेच, घरची शेती सांभाळून नोकरी करणारे, सहा फूट उंच आणि आवाज त्याहून उंच. अपेक्षा मॅडम पुढे खरांगण्याच्या, त्या रस्त्यातच लागत. आपल्याकडे मास्तर लोकांची एक रीत आहे. एकाने गाडी घ्यायची, बाकीच्यांनी पेट्रोलला वाटा द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून अप-डाऊन करायचं. या रीतीला कुठे लिहिलेला नियम नाही, पण शिक्षकांच्या बदल्यांइतकीच ती जुनी आहे. पौर्णिमा गाडी घेतेय हे कळताच दोघंही दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर हजर.

"मॅडम, तुम्ही फकत गाडी घ्या," अंकुश सर म्हणाले. "चालवाची चिंता करू नका. हात माया."

त्यांनी असं म्हटलं आणि तिला हायसंच वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. लायसन तिच्याकडे होतं. बाविसाव्या वर्षी वर्ध्याला महिनाभर मोटार शिकली होती, कुणाला न सांगता. लायसन हातात पडलं तसं धावत येऊन बाबांना दाखवलं. बाबा नुकतेच ड्युटीवरून आले होते. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ठेवून दे. रोडवर रोज काय काय पडते थे मी पाह्यतो. तुयं काम नाई थे." तिने ठेवून दिलं. पुढे स्कूटीच्या कामाला आलं, मुदत संपली तेव्हा नवं करून घेतलं, पण चारचाकीच्या चाकाला हात म्हणून लावला नाही.

तर मग चार रविवार तिघं वर्ध्याला जात राहिले. आर्वी नाक्याच्या पुढे किसनराव नावाच्या गृहस्थांचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. टिनाचं शेड, एक कूलर, दहा-बारा गाड्या. किसनराव गोड माणूस. त्यांच्याकडची प्रत्येक गाडी डॉक्टरची होती. वर्ध्यात डॉक्टर पुष्कळ, हे खरं, पण इतके डॉक्टर एकाच वेळी गाड्या विकायला कसे निघाले, हे पौर्णिमाला कळेना. "डॉक्टरसायबानं दवाखाना ते घर, बस, तेवढीच चालवली," ते सांगत, आणि बॉनेटवर हात असा ठेवत की जणू गाडीला ताप आहे का बघताहेत.

पौर्णिमाने शाळेच्या वहीत तक्ता आखला. रंग, साल, पहिला मालक की दुसरा, एसी, डिकी, मायलेज. गाड्यांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून रंगावरूनच ओळख. निळीत अंकुश सरांचे गुडघे समोरच्या सीटला टेकले, निळी बाद. चंदेरीचा एसी मागे पोचत नव्हता. अपेक्षा मॅडमनी मागे बसून दोन्ही हातांनी वारा घेतला आणि नाक मुरडलं. एकीची डिकी लहान निघाली. संत्र्याच्या दिवसांत कारंज्याहून दोन पोती आणायची म्हटली तर कशी आणणार, हा प्रश्न निघाला आणि त्यावर अर्धा तास चर्चा झाली. अकरा गाड्या झाल्या. प्रत्येक गाडी अंकुश सरांनी नाक्यापर्यंत फिरवून आणली, अपेक्षा मॅडम पुढे खिडकीशी बसल्या आणि पौर्णिमा मागे, वही मांडीवर घेऊन. घरी येऊन ती तक्ता वाचे आणि जितका वाचे तितकी गोंधळे. शेवटी दोघांनी मिळून एक लांब पांढरी गाडी पसंत केली. तिलाही ती बरी वाटली. खरं तर तोवर तिला काहीच वाटेनासं झालं होतं.

इसाराचे पैसे द्यायच्या दिवशी अंकुश सर म्हणाले, काकांना सोबत घ्या, एसटीतला माणूस आहे, एक नजर टाकतील. मग ऑटो करून बाबांना नेलं. किसनरावांनी त्यांना कूलरसमोर खुर्ची दिली, चहा दिला. "काकाजी, डॉक्टरची गाडी आहे," ते म्हणाले.

गाडी आवारात एक चक्कर मारून आली. अंकुश सर आणि अपेक्षा मॅडम पुढे, पौर्णिमा मागे. थांबल्यावर बाबांनी काठीने खूण करून तिला जवळ बोलावलं.

"तू काऊन मांगं बसून राह्यली?"

"सर चालवणार ना, बाबा."

"वापस कितीक वाजता येनार?"

तिने अंकुश सरांकडे पाहिलं. ते मोकळ्या मनाने म्हणाले, "काका, पाचला सुटतो. आर्वीत दीड तास माया क्लास आहे, पोरायले स्कॉलरशिपचं शिकवतो. तेवढा आटपला की निंगालोच. आठ, सव्वाआठले आंजी."

"तेवढ्यात माझा बाजारही होतो," अपेक्षा मॅडम म्हणाल्या.

पौर्णिमा वही धरून उभी राहिली. सव्वाआठ. एसटीनेही सव्वाआठच. चार रविवार, अकरा गाड्या, दोन पोती संत्री, आणि जिच्यासाठी हे सगळं मांडलं ती वेळ एकाही रकान्यात नव्हती. दोष सरांना तरी काय द्यायचा, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तिला स्वतःचाच असा राग आला की कानशिलं तापली. गाडी आपली, आणि घरी कधी पोचायचं ते दुसऱ्याच्या क्लासवर.

"सर, जरा उतरता का," ती म्हणाली.

बावीस वर्षांनी ती स्टिअरिंगमागे बसली. उंची पावणेपाच फूट. सीट होईल तितकी पुढे ओढली, तरी क्लच दाबायचा म्हणजे अर्धं अंग खाली सरकवायचं, आणि सरकलं की समोरचा रस्ता गायब. किसनराव लगबगीने आले, "मॅडम, पाठीमांगं एक गादी ठेवली की झालं."

"गादी सरकली मंजे?" बाबा खुर्चीतून म्हणाले. "ब्रेकवर पाय पुरला पायजे तिचा."

कोपऱ्यात कडुनिंबाखाली एक लहानशी लाल अल्टो उभी होती. काचेवर पाला साचलेला. चार रविवारांत ती कुणी दाखवली नव्हती आणि कुणी विचारलीही नव्हती. बाबांनी काठी तिकडे केली.

"थे लहान आहे काकाजी," किसनराव म्हणाले. "दहा वर्षं झाले तिले. मांगं तीन मानसं कशीतरी बसतील."

"डॉक्टरची का?" पौर्णिमाने विचारलं.

किसनरावांनी डोकं खाजवलं. "नाई. अंगणवाडीच्या सुपरवायझरबाईची होती. खोटं कायले बोलू."

महिनाभरात पहिल्यांदा तिला एखादी गोष्ट धड कळली. ती आत बसली. पाय पोचले. तिन्ही पेडलवर, टाचेसकट. समोर नाक्यापर्यंतचा रस्ता दिसत होता. बाबांनी बॉनेट उघडायला लावलं, कान देऊन बराच वेळ इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "बरी आहे. लय बरी नाई. बरी आहे." मग तिने गिअर टाकला आणि गाडी धक्का खाऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा अपेक्षा मॅडम हसल्या आणि पौर्णिमाचे डोळे भरून आले. बावीस वर्षं ठेवून दिलेली गोष्ट आता कुठे सापडणार होती?

बाबा काठी टेकत आले. अंकुश सरांनी दार उघडून धरलं. बाबा शेजारच्या सीटवर बसले, ढिला डावा पाय उजव्या हाताने उचलून आत घेतला आणि समोर बघत बोलले, "तवा मीच ठेवून दे म्हनलो होतो. दुसऱ्याइच्या पोरायले शिकवलं मी. तुले नाई. चुकलं मायं." मग म्हणाले, "क्लच हळूहळू सोड. घाई नाई आपल्याले."

हे शब्द तिला बावीस वर्षांपूर्वी हवे होते. तिने क्लच हळूहळू सोडला आणि गाडी चालायला लागली. आवारात वीस-पंचवीस चकरा झाल्या. मग इसार दिला, आणि पुढचे तीन आठवडे रोज सकाळी किसनरावांच्या ओळखीच्या एका मोटार शिकवणाऱ्याकडे शिकून तिने हात बसवून घेतला. कागदपत्रं झाली, त्या दिवशी गाडी तिनेच आंजीला आणली. बाबा शेजारी. अंकुश सर मागे, गुडघे हनुवटीपर्यंत.

"मॅडम, मंग आमचं कसं?" त्यांनी वाटेत विचारलं. आवाज नेहमीपेक्षा बुटका होता.

"सर, मी पाचला निघते. आर्वीत थांबत नाही," ती म्हणाली. "यायचं असेल तर पाचला माझ्या शाळेच्या फाटकात उभं राहा."

समोरून ट्रक आला की बाबांचा उजवा पाय गाडीच्या तळाला दाबून बसे, तिथे ब्रेक नव्हता तरी. वर्ध्याबाहेर पडेपर्यंत तर पाय उचललाच नव्हता. अर्ध्या वाटेनंतर कधीतरी तो ढिला झाला. तिने ते पाहिलं आणि गिअर बदलला.

घरी पोचतात तोच प्रफुल्लचा फोन. "ताई, घेतली का? पेट्रोल की सीएनजी? किती चाललेली? कितव्या मालकाची?"

पौर्णिमाने बाबांकडे पाहिलं. तक्त्याची वही किसनरावांच्या शेडमध्येच राहिली होती, आणि लाल गाडी तर त्या तक्त्यात कधी चढलीच नव्हती. बाबांनी उजवा हात पुढे करून फोन मागितला.

"मले थे काई मालूम नाई बाप्पा," ते म्हणाले. "लाल आहे. आन साडेसहाले घरी येते. मायी नागपूरची खोली तू भाड्यानं देऊन टाक."