हुंड्याविना सजलेलं घर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आठ वर्षं झाली. सभेत मी पुष्कळ बोलते, माणसांकडे बोट दाखवून बोलते — पण हे नाही. आज तुम्हाला सांगते. सरळ सांगता येईल की नाही, माहीत नाही.

आमचं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. हुंडा नाही, मानपान नाही, आंदण नाही. भाड्याच्या दोन खोल्या, पगार एकाचा. मग घर कसं मांडायचं? मी हट्टालाच पेटले — जुन्या वस्तूंनी! कचेरीच्या लिलावातलं बाकडं आणलं, पाडलेल्या घराचं दार विटांवर ठेवून मेज केलं, पोत्यांना रंगीत काठ लावून पडदे शिवले. आणि इतवारीच्या बाजारात जुन्या भांड्यांच्या ढिगातून एक पितळी घंगाळ उचललं. काठाखाली टिंबाटिंबांनी नाव घातलेलं — ‘कौतिकास आईकडून’. लग्नात लेकीला भांडी देताना घालतात, तसं.

दुकानदार म्हणाला, “घ्या बाई. नाव दुसरीचं असलं तं का झालं, पानी तं तुमचंच राहीन ना!”

मी हसले. हो, हसले.

घंगाळात गवताचे वाळलेले तुरे उभे केले. लोक मुद्दाम बघायला यायचे. मी पत्रकच काढलं — ‘हुंड्याविना सजलेलं घर’. मुलींनो, बापाला लुटू नका, आमच्याकडे येऊन पाहा! भाषा माझी नेहमीचीच, तापलेली. आणि नावाची बाजू? ती भिंतीकडे.

लेकीला दिलेलं भांडं बाजारात येतं कसं? हुंड्यावर पत्रकं लिहिणारीला एवढं कळू नये? कळत होतं. विचारलं नाही, इतकंच.

मग एक दिवस कौतिका आमच्या संघटनेच्या खोलीवर आली. सासरच्यांनी हाकलून दिलेली, भावाकडे राहणारी. सासरा म्हणत होता, भांडी तीच उचलून घेऊन गेली. ती म्हणत होती, यांनी विकली. रविवारी त्यांच्या जातीचे पंच बसणार होते. मी यादी लिहून घेत होते.

“घंगाळ लिवा ताई,” ती म्हणाली. “मायनं नाव घालून देल्लं होतं. कौतिकास आईकडून.”

मी लिहिलं. अक्षर हललं नाही.

तुम्ही काय केलं असतं — नको, ते विचारत नाही. मी काय केलं ते सांगते. त्याच दुपारी घरी गेले, शेजाऱ्यांकडून कानस आणली आणि नाव घासून काढलं. टिंबं खोल होती. वेळ लागला.

शुक्रवारी ती पंचांपुढे ठेवायच्या अर्जावर अंगठा द्यायला माझ्या घरी आली. घंगाळ दिसलं तशी तिथंच खाली बसली.

“हे कुठून आणलं जी, ताई?”

“माझ्या आजीचं आहे.”

तिनं काठाखालून बोट फिरवलं. घासलेल्या जागी थांबलं की काय — मी पाहिलं नाही, मी शाईचा डबा शोधत होते. मग म्हणाली, “असंन जी. पितळ तं पितळासारखंच दिसते.”

रविवारी पंच म्हणाले, “एक तरी भांडं दाखव ना वं बाई. का सारे हवेत उडाले?” सासरची माणसं हसली. मी तिच्या शेजारी बसले होते. भांडं माझ्या घरात, दुकान मला ठाऊक, विकणारा कोण हे त्या दुकानदाराला ठाऊक — एक वाक्य पुरलं असतं. पण मग पत्रकाचं काय? माझं हुंड्याविना सजलेलं घर दुसरीच्या आंदणानं सजलेलं निघालं असतं!

मी उठले. स्त्रीजातीवरच्या अन्यायावर बोलले, चांगली खणखणीत बोलले. घंगाळाचं नाव काढलं नाही.

पंचांनी तिला खोटी ठरवलं. भांडी तर नाहीतच, वर सासऱ्याची माफी मागायला लावली. तिनं सगळ्यांसमोर, डोक्यावरचा पदर सावरत, ती मागितली.

बाहेर आल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले. “तुमी होत्या म्हनून मी एवढी तरी बोलली, ताई.”

मी मान हलवली. तिचे ते आभारही मी ठेवून घेतले.