पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

लेकीला घड्याळ शिकवायला मी परातीत भाकरी ठेवली. गवारीची शेंग लहान काटा, शेवग्याची शेंग मोठा काटा. "मोठा काटा तीनवर हाय, मग पंधरा मिनटं कशी?" या एका प्रश्नानं तव्याआधी माझं डोकं तापलं. पण चार-आठ दिवसांत ती भिंतीवरचं घड्याळ घडाघडा वाचू लागली. दुसरीच्या तोंडी परीक्षेत घड्याळच विचारणार होते. आपण सांगितलेली वेळ कुणीतरी खरी मानावी, याची तिला भारी हौस.

परीक्षेच्या दिवशी ती रडतच घरी आली. वर्गातल्या घड्याळात साडेअकरा वाजले होते आणि हिनं ठणकावून सांगितलं, "सव्वाअकरा!" बाई म्हणाल्या, नीट बघ. हिनं पुन्हा तेच सांगितलं. पोरं हसली.

"असं कसं गं वाचलंस?" मी ओरडले.

"आपण घरी वाचतो तसंच! काटे बघायचे अन् पंधरा मिनटं कमी करायची."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. बेंबळीहून धाराशिवला जाणारी यष्टी चुकू नये म्हणून सासऱ्यांनी आमचं घड्याळ मुद्दाम पुढं ठेवलंय, आणि घरातला जो तो पंधरा मिनिटं वजा करून निवांत चहा पितो.

"समद्यांनाच ठाऊक हाय, तर पुढं ठेवायचं कशाला?" लेकीनं डोळे पुसत विचारलं. मी सासऱ्यांना सांगून, त्यांच्यादेखतच काटे मागं घेतले.

रविवारी सासरे बाजाराला निघाले होते. लेक म्हणाली, "आबा, साडेआठ झाले. यष्टी यील."

"आजून सव्वाआठच हायेत, माय," घड्याळाकडं बघून सवयीनं म्हणत त्यांनी आणखी एक कप चहा मागितला.

यष्टी गेली. सासरे फाट्यावरून पिशवी हलवत परत आले. लेक दारात तोंड एवढंसं करून उभी. घरातही आपलं कुणी खरं मानत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आता घड्याळ पुन्हा पुढं जाणार, असं वाटून मी भांडायला पदर खोचलाच होता.

सासऱ्यांनी चष्मा काढून खिशात घातला. "म्या बघतच न्हाय आता. फुडच्या यष्टीला तूच सांग."

लेक घड्याळाखालून हलली नाही. न्याहारीलाही नाही. मग एकदम ओरडली, "आबा, साडेधा! उठा!"

सासरे कपातला अर्धा चहा तसाच ठेवून उठले.